खोलीच्या तापमानाचा सुपरकंडक्टर 'सापडला' की आधी काय विचारायचं?

ओहमकार

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ परत फिरून आलाय. चुंबकावर एक काळपट खडा, त्याची एक बाजू हवेत उचललेली, आणि खाली कुणीतरी लिहिलंय, "आता वीजबिल विसरा!" जुलै २०२३ चा माल आहे हा. "हे खरं का रे?" म्हणून तिघा-चौघांनी मला टॅग केलं, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या वेळी लिंक चिकटवता येईल.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९११ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा थंड करत ४.२ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ सेल्सियसच्या आसपास नेला आणि त्याचा विद्युतरोध धाडकन नाहीसा झाला. असा बिनरोधाचा पदार्थ म्हणजे सुपरकंडक्टर. १९३३ मध्ये माइस्नर आणि ऑक्सेनफेल्ड यांना दिसलं की असा पदार्थ आपल्या पोटातलं चुंबकीय क्षेत्रही बाहेर ढकलतो. मग कितीतरी वर्षं गाडी २३ केल्विनच्या पुढे सरकली नाही. १९८६ मध्ये आयबीएमच्या झ्युरिकच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडात ३० केल्विनच्या वरचा सुपरकंडक्टर शोधला, वर्षभरात दुसऱ्यांनी इट्रियम घालून ९३ गाठले, आणि १९९३ मध्ये पाऱ्याच्या ऑक्साइडाने १३३. ते झालं उणे १४० सेल्सियस. पुढची तीस वर्षं सामान्य दाबाला त्याच्या फारसं वर खात्रीशीर असं काही आलं नाही.

आणि मग दक्षिण कोरियातल्या एका छोट्या गटाने २२ जुलै २०२३ ला जाहीर केलं की शिसं, तांबं आणि फॉस्फेटचा एलके-९९ नावाचा पदार्थ (व्हिडिओतला खडा तोच) अधिक १२७ सेल्सियसपर्यंत सुपरकंडक्टर आहे. मधल्या अडीचशे-पावणेतीनशे अंशांत कुणी नाही, थेट उकळत्या पाण्याच्या वर! या धंद्यातले लोक अशा सापडून गायब होणाऱ्या पदार्थांना 'यूएसओ' म्हणतात, उडत्या तबकड्यांच्या यूएफओच्या चालीवर. १९८७ पासून अशा डझनांनी तबकड्या उडाल्यात.

माझं म्हणणं एवढंच की बातमीतला तापमानाचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. काय मोजलं, कसं मोजलं आणि कच्ची मापं दुसऱ्याच्या हाती दिली का, हे आधी. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

टोपणनाव_सुचत_नाही

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: रोध शून्य दिसला तर काम झालंच की. आणखी काय हवं?

ओहमकार

बाळबोध मुळीच नाही, सगळी मेख तिथेच आहे.

रोध मोजताना नमुन्याला चांदीच्या पेस्टने चार तारा चिकटवतात, ओळीने. बाहेरच्या दोन तारांमधून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन तारांमधलं व्होल्टेज बघायचं. दोनच तारांवर भागवलं तर तारेचा आणि जोडाचाही रोध मापात घुसतो, म्हणून चार. आता समजा थंड होताना नमुन्याला केसाएवढी चीर गेली, किंवा पेस्टचा एक ठिपका अर्धवट सुटला. प्रवाह भलत्याच वाटेने निघून जातो, आतल्या दोन तारांच्या मधल्या भागात काही वाहतच नाही आणि मीटर सरळ शून्य दाखवतो. नमुना एकजिनसी नसेल तर 'उणे रोध'सुद्धा येतो. ठिसूळ, भाजलेल्या चकत्यांच्या बाबतीत हे दर आठवड्याचं दुखणं आहे.

शिवाय मीटरवरचं शून्य म्हणजे 'माझ्या मीटरला दिसेल त्याहून कमी', एवढंच. खरं शून्य किती खरं, ते बघण्याची जुनी रीत अशी की सुपरकंडक्टरची बंद कडी करायची, तिच्यात प्रवाह सुरू करून द्यायचा आणि तो ओसरतो का यावर नजर ठेवायची. १९६३ मध्ये फाइल आणि मिल्स यांनी चुंबकीय मापाने काढलेला अंदाज होता की प्रवाह ओसरायला किमान एक लाख वर्षं लागतील.

म्हणून दुसरी साक्ष लागते ती माइस्नर परिणामाची. नमुना आधी चुंबकीय क्षेत्रात ठेवायचा आणि मग थंड करायचा. निव्वळ रोध नसलेला काल्पनिक धातू आत असलेलं क्षेत्र तसंच धरून ठेवेल. सुपरकंडक्टर ते बाहेर टाकतो, पूर्ण नाही तरी काही भाग तरी. तिसरी साक्ष विशिष्ट उष्णतेची: संक्रमणाच्या तापमानाला तिच्यात उडी दिसायला हवी, कारण ती नमुन्याच्या सगळ्या वस्तुमानातून येते. चकतीत एक टक्काच सुपरकंडक्टर सलग धाग्यासारखा पसरला असेल तरी रोध शून्य दिसेल, पण ही उडी दिसणार नाही.

इंद्रायणीकाठ

पण व्हिडिओत तर खडा तरंगतोय ना? ते तर डोळ्यांना दिसतंय.

ओहमकार

तरंगत नाहीये, उभा राहतोय. एक कोपरा चुंबकाला टेकलेला आहे, नीट बघा. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या गटाने तसेच तुकडे बनवून मोजले तर त्यात चक्क लोहचुंबकत्व निघालं. वेड्यावाकड्या आकाराचा दुबळा लोहचुंबक असा अर्धा उठून उभा राहू शकतो. आणि पूर्ण तरंगणंसुद्धा पुरावा नव्हे. शुद्ध ग्राफाइटची पातळ चकती चांगल्या निओडायमियम चुंबकांवर खोलीच्या तापमानाला मस्त तरंगते. हजार-दोन हजारांत असा संच ऑनलाइन मिळतो.

रसायनवाली

एलके-९९ चा निकाल खरं तर रसायनशास्त्रानेच लावला, म्हणून माझी भर.

त्यांची कृती अशी: लेड ऑक्साइड आणि लेड सल्फेट एकत्र ७२५ अंशांना चोवीस तास भाजून लॅनार्काइट करायचं. तांबं आणि फॉस्फरस ५५० ला अठ्ठेचाळीस तास भाजून कॉपर फॉस्फाइड. मग दोन्ही खलात घोटून, निर्वात केलेल्या बंद क्वार्ट्झच्या नळीत ९२५ अंशांना पाच ते वीस तास. साधी कृती, बऱ्याच कॉलेजांच्या भट्टीत होईल. (शिशाची भुकटी आणि फॉस्फरस आहे, गच्चीवर करायला जाऊ नका.)

आता कागद-पेन्सिल घ्या आणि समीकरण जुळवा. पाच लॅनार्काइट, सहा कॉपर फॉस्फाइड. फॉस्फाइडमधून तांब्याचे अठरा अणू आत जातात. पाहिजे त्या पदार्थाच्या एका सूत्रात तांबं लागतं एक. सतरा उरले! आणि लेड सल्फेटमधून आलेलं पाच गंधकही उरलं. भट्टीत तांबं आणि गंधक शेजारी बसवल्यावर काय होणार? दहा तांबं आणि पाच गंधक मिळून क्युप्रस सल्फाइड, बाकीचं सात तांबं तसंच, आणि थोडं शिसं.

हा क्युप्रस सल्फाइड १०४ अंशांच्या आसपास स्फटिकरचना बदलतो हे फार जुनं ज्ञान आहे. कोरियन गटाच्या आलेखात रोधाची घसरण नेमकी तिथेच होती. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात असलेले प्रशांत जैन यांची नजर त्या आकड्यावर गेली, कारण त्यांनी आधी याच सल्फाइडवर काम केलेलं होतं. मग बीजिंगच्या भौतिकी संस्थेने नुसता क्युप्रस सल्फाइड मोजून दाखवला: संक्रमणाला रोध हजार ते दहा हजार पटींनी घसरतो. पुढे जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधकाचा संबंधच येणार नाही अशा वाटेने शुद्ध स्फटिक वाढवले. ते निघाले जांभळट, पारदर्शक, आणि पक्के विद्युतरोधक. रोध लाखो ओहम.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तर जुलै संपायच्या आतच नमुना बनवून 'आम्हाला सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही' असं जाहीर केलं होतं. त्याची बातमी मात्र फारशी कुणी फिरवली नाही.

आकडेबहाद्दर

रसायनवाली, +१. सतरा तांब्यांचं गणित भारी.

आपल्याकडचा २०१८ चा किस्सा कुणी काढला नाही म्हणून काढतो. बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या (भारतीय विज्ञान संस्था) देव कुमार थापा आणि अंशू पांडे यांनी सोन्यात चांदीचे नॅनोकण घालून २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ सेल्सियसला, सुपरकंडक्टिव्हिटी दिसल्याचं त्या जुलैत मांडलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या ब्रायन स्किनर यांनी त्यातला एक आलेख मोठा करून बघितला. दोन वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेली मापं, एक हिरवी आणि एक निळी. दोन्हींच्या तळाच्या भागातली थरथर सारखी! बिंदूला बिंदू, फक्त एक रांग जराशी वर सरकवलेली. मापातला गोंगाट हा दर मोजणीला नव्याने येतो, तो दोनदा सारखा येणं अपेक्षितच नाही. २०१९ मध्ये त्यांनी जास्त सहलेखक आणि जास्त मापं घेऊन सुधारित निबंध टाकला, पण दावा काही जगाने उचलला नाही.

मला यातली गंमत ही वाटते की स्किनर यांनी कुठलाही प्रयोग केला नाही. आलेख लक्ष देऊन बघितला, बस्स.

फावल्या_वेळात

थोडक्यात काय, सगळे एका माळेचे मणी. फंड मिळवायला बातम्या सोडायच्या. आपला टॅक्स, यांची मजा.

ओहमकार

नाही पटलं. एका माळेत ओवायला मणी सारखे तरी हवेत.

कोरियन गटाने कृती उघड केली, म्हणून तर तीन-चार आठवड्यांत जगभरच्या भट्ट्यांनी सोक्षमोक्ष लावला. त्याच्या उलट अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या रंगा डायस यांचं प्रकरण. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये दावा: कार्बन, गंधक आणि हायड्रोजनचा पदार्थ, २६७ गिगापास्कल दाबाखाली १५ सेल्सियसला सुपरकंडक्टर. २६७ गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सव्वीस लाख पट. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये चिमटलेला, केसाच्या जाडीहूनही बारीक नमुना. चुंबकीय मापात त्या नमुन्याचा संकेत भोवतालच्या धातूच्या संकेतात बुडून जातो, तेव्हा पार्श्वभूमी वजा करावी लागते. होर्हे हिर्श (संशोधकाच्या निबंधांचे दाखले किती दिले जातात ते मोजणारा एच-निर्देशांक काढला तेच) कच्ची मापं मागत राहिले. ती अखेर बाहेर आली तेव्हा 'वजा केलेली पार्श्वभूमी' म्हणजे नेमकं काय, याचं धड उत्तर मिळेना. सप्टेंबर २०२२ मध्ये 'नेचर'ने निबंध मागे घेतला.

तरी मार्च २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांचा दुसरा दावा छापून आला. ल्युटेशियम धातूचा हायड्राइड (हायड्रोजनबरोबरचं संयुग), २१ सेल्सियस, दाब फक्त एक गिगापास्कल. नोव्हेंबरात तोही मागे घेतला, आणि तसं करा असं सांगणाऱ्यांत अकरापैकी आठ सहलेखकच होते. पुढे विद्यापीठाने नेमलेल्या बाहेरच्या शास्त्रज्ञांच्या समितीने गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष काढला.

आणि याच हायड्राइडांत खरं सोनंही आहे. जर्मनीत माइन्झला एरेमेट्स यांच्या गटाने २०१५ मध्ये हायड्रोजन सल्फाइड दीडशे गिगापास्कलखाली २०३ केल्विनला दाखवला, इतरांनी तो परत मोजला, टिकला. २०१९ मध्ये लँथेनमचा हायड्राइड २५० च्या घरात गेला, तोही टिकला.

फावल्या_वेळात

ठीक आहे, पण मग 'नेचर'चे परीक्षक काय करत होते? दुसऱ्या निबंधाच्या वेळी तर पहिला मागे घेऊन सहा महिनेच झाले होते. यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

आकडेबहाद्दर

यावर मी फावल्या_वेळात यांच्या बाजूने. कच्ची मापं निबंधाबरोबरच जाहीर करायची सक्ती हवी, मागितल्यावर देऊ असं नको.

नेव्हीनगर

धागा रंगलाय, पण सगळी चर्चा बुडालेल्या जहाजांवर. टिकलेलं आणि आपल्या मुंबईतलं काहीतरी सांगतो.

कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथ या धातूत सुपरकंडक्टिव्हिटी दाखवली, २०१६ च्या अखेरीस 'सायन्स'मध्ये. तापमान ऐका: ०.५३ मिलिकेल्विन. केल्विनचा जवळजवळ दोन हजारावा भाग. अंतराळाची पोकळी २.७ केल्विनला असते, त्याच्या पाच हजार पट खाली.

इतक्या खाली द्रव हेलियम पोचत नाही. आधी हेलियमचे दोन समस्थानिक मिसळणारं शीतयंत्र लावून काही मिलिकेल्विनपर्यंत उतरायचं. मग तांब्याच्या ठोकळ्यातल्या अणुकेंद्रांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रांगेत आणायचं, बाहेरच्या उष्णतेचा मार्ग तोडायचा, आणि क्षेत्र सावकाश उतरवत न्यायचं. अणुकेंद्रं विस्कळीत होताना भोवतालची उरलीसुरली उष्णता शोषून घेतात.

आणखी एक अडचण. या बिस्मथची सुपरकंडक्टिव्हिटी ५.२ मायक्रोटेस्ला क्षेत्रानेच मोडते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मुंबईत साधारण चाळीस मायक्रोटेस्ला. म्हणजे नुसतं उघड्यावर ठेवलं तरी आपल्या पायाखालची पृथ्वीच ती मारून टाकेल, नमुना किती का थंड असेना. त्यामुळे आधी पृथ्वीच्या क्षेत्रापासून आडोसा करावा लागतो. आणि त्यांनी पुरावा दिला तो चुंबकीय मापाचा: क्षेत्र बाहेर ढकललं जाताना पकडलं.

उपयोग? तारांसाठी शून्य. पण १९५७ चा बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा सिद्धांत धरून चालतो की इलेक्ट्रॉन फार चपळ आणि अणूंची जाळी संथ. जाळीच्या थरथरीच्या मध्यस्थीने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एखादाच मोकळा इलेक्ट्रॉन, त्यांची ऊर्जाही कमी. तिथे ती धारणाच लागू पडत नाही. तरी जोड्या जमल्या. कशा, यावर सिद्धांतवाल्यांचे निबंध अजून पडताहेत.

त्याच टीआयएफआरने आयआयटी मुंबईच्या मंडळींबरोबर १९९४ मध्ये इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बनच्या मिश्रणात १२ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी शोधली होती. बोरोकार्बाइड म्हणून अख्खं कुटुंबच त्यातून उघडलं. व्हॉट्सॲपवर यातलं एक तरी कुणाला आलंय का?

टोपणनाव_सुचत_नाही

पृथ्वीचं क्षेत्र आड येतं हे वाचून चाट पडलो. बारावीच्या पोरीला वाचून दाखवलं.

गॅन्ट्री

मी एमआरआय यंत्रांच्या देखभालीत आहे. उद्या खोलीच्या तापमानाचा सुपरकंडक्टर खरंच आला तरी काय होईल ते आमच्या बाजूने सांगतो.

आमच्या चुंबकाचं वेटोळं नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं. ही मिश्रधातू साडेनऊ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर होते, म्हणून द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनमध्ये बुडवून ठेवायची. जुन्या यंत्रात पंधराशे लिटरच्या वर हेलियम असतो. आता सात लिटरवर चालणारी बंदिस्त यंत्रंही आली आहेत. वेटोळ्याचा एखादा भाग तापला की क्वेंच होतो, सगळा हेलियम उकळून छतावरच्या पाइपातून भर्रकन बाहेर. त्याचं बिल बघून हॉस्पिटलवाल्यांचाच रक्तदाब वाढतो.

आता विचार करा, ९३ केल्विनवाला पदार्थ १९८७ पासून आहे, द्रव नायट्रोजनवर चालतो. तरी आमच्याकडे अजून साडेनऊवालाच का? कारण तो पदार्थ चिनीमातीसारखा ठिसूळ. त्याची तार ओढता येत नाही; धातूच्या पट्टीवर पातळ थर चढवून फीत करावी लागते, कण सगळे एका दिशेला लावून. महाग. आणि फितीचे जोडही बिनरोधाचे जमले पाहिजेत. नायोबियम-टायटॅनियम म्हणजे मऊ, वळवा तसा वळणारा. म्हणून आम्ही आधी विचारतो की तार होते का, आणि भरपूर चुंबकीय क्षेत्रात ती भरपूर प्रवाह सोसते का.

इंद्रायणीकाठ

म्हणजे महावितरणच्या गळतीवर काही आशा नाही तर.

गॅन्ट्री

केबल होतात की. जर्मनीत एसन शहराखाली २०१४ मध्ये एक किलोमीटरची टाकली, १० किलोव्होल्टची, द्रव नायट्रोजनने थंड केलेली. पण आपल्या गळतीतला काही भाग आकडे टाकणाऱ्यांचा. आकडा सुपरकंडक्टरवरही पडतो.

इंद्रायणीकाठ

=)) =))

कोनाडा

विषय निघालाच आहे तर, जादुई कोनाचं काय झालं? मध्ये फार गाजत होतं.

नेव्हीनगर

ते टिकलंय, आणि वाढलंय. ग्राफीनचे, म्हणजे कार्बनचे एक अणू जाडीचे दोन थर एकमेकांवर ठेवून १.१ अंशाने फिरवायचे. बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनल्ड यांनी २०११ मध्ये गणिताने सांगितलं होतं की या कोनाला इलेक्ट्रॉन जवळजवळ थबकतात आणि एकमेकांची दखल घ्यायला लागतात. २०१८ मध्ये एमआयटीत युआन काओ आणि पाब्लो हारिओ-हेरेरो यांना त्यात १.७ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली. आकडा अगदीच किरकोळ. पण रसायन न बदलता, नुसतं विजेचं बटण फिरवून एकाच नमुन्यात विद्युतरोधकही मिळतो आणि सुपरकंडक्टरही. असं खेळणं आधी नव्हतं.

हे नमुने बनवणारे जगभरचे गट संरक्षक थर म्हणून बोरॉन नायट्राइडचे स्फटिक वापरतात, आणि चांगले स्फटिक वर्षानुवर्षं मुख्यतः जपानमधल्या त्सुकुबाच्या दोघांकडूनच येतात: तानिगुची आणि वातानाबे. त्यामुळे या विषयातल्या शेकडो निबंधांवर ही दोन नावं असतातच. टीआयएफआरमध्ये मंदार देशमुख यांचा गटही पिळलेल्या ग्राफीनवर काम करतो, २०२२ मध्ये त्यांचा 'नेचर फिजिक्स'मध्ये निबंध होता.

टोपणनाव_सुचत_नाही

ओहमकार, शेवटची शंका. सध्या निकेलवाल्या ऑक्साइडांचं नाव ऐकतो. तुमच्या चाळणीतून ते जातं का?

ओहमकार

बऱ्यापैकी जातं. लँथेनम-निकेल-ऑक्साइडाची एक जात २०२३ मध्ये चीनमधल्या सुन यात-सेन विद्यापीठाच्या गटाने १४ गिगापास्कलच्या वर दाबून ८० केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर केली. मग स्टॅनफर्ड आणि शेन्झेनच्या गटांनी वेगवेगळं काम करून दाबाऐवजी दुसरी युक्ती लढवली: पातळ थर अशा स्फटिकावर वाढवायचा की खालच्या अणूंचं अंतर जरा कमी असल्यामुळे वरचा थर आडवा आवळला जाईल. सामान्य दाबाला ४० केल्विनच्या आसपास सुरुवात मिळाली. दोन स्वतंत्र प्रयोगशाळा, रोधाचं माप, आणि शेन्झेनकडून क्षेत्र बाहेर ढकलल्याची खूणही.

फक्त 'सुरुवात' हा शब्द नीट वाचा. ४० हा आकडा रोध घसरायला लागतो तिथला. स्टॅनफर्डच्या पहिल्या थरांत तो खरोखर शून्याला टेकला दोन केल्विनच्या आसपास. मधल्या उतारावर थराचा काही भाग सुपरकंडक्टर असतो, काही नसतो. तो उतार चांगल्या थरांत किती उभा होतो ते आता बघायचं. बातमीत ४०च छापून येतं. आलेख मिळाला तर उजवीकडून नाही, डावीकडून, म्हणजे थंड टोकाकडून वाचायला घ्या.